हलकी गाडी, ठाण्याचा पाऊस आणि टायर कुठला घ्यायचा

माझ्याकडे दोन सीटची माझदा मियाटा आहे, दुसऱ्या पिढीतली. परदेशातून कायमचे परतलेले एक गृहस्थ येताना घेऊन आले होते, पुढे ती माझ्याकडे आली. वजन साधारण एक हजार पन्नास किलो, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. सोसायटीतली पोरं तिला खेळण्यातली गाडी म्हणतात. आठ महिने मी हसून सोडून देतो, पावसाळ्यात मात्र पटतं.

पटलं ते एका जुलैत. मुलुंडकडून ठाण्याला येत होतो, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर उजव्या लेनमध्ये. दुभाजकाला लागून पाणी साचलं होतं. पुढे चाललेली इनोव्हा दोन्ही बाजूंना पाणी उडवत आरामात निघून गेली. तिच्या मागोमाग मी सत्तरच्या आसपास त्याच पाण्यात शिरलो आणि हातातलं स्टिअरिंग एकदम मोकळं झालं, पुढची चाकं जॅकवर असताना फिरवावं तसं. पाठोपाठ इंजिनाचा आवाज चढला, कारण मागची चाकं रस्ता सोडून पाण्यावर फिरायला लागली होती. सगळा खेळ सेकंदाभराचा. पलीकडे कोरडा रस्ता लागला तशी पकड परत आली आणि गाडीने मागून असा झटका दिला की शेजारी ठेवलेली छत्री पायाशी आली.

टायर गोटा झाले होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. चार महिन्यांपूर्वीच घेतलेले, नक्षी अजून खोल, महागातले, सोळा इंची रिमवर २१५ रुंदीचे, चिकट रबराचे. कोरड्या रस्त्यावर चिकटून चालायचे. चुकलं होतं ते माझं गणित, आणि ते समजायला गाडीचं वजन आधी लक्षात घ्यावं लागतं.

आधी सेंटीमीटरमागे किती किलो ते काढा

टायर रस्त्यावर टेकायचा तर मधलं पाणी बाजूला सारावं लागतं. काही पाणी नक्षीतून वाहून जातं, उरलेलं गाडीच्या भाराने दाबून निघतं. हलक्या गाडीत हा भारच तोकडा असतो.

हिशोब घरी करता येतो. गाडीचं वजन अधिक तुमचं वजन, भागिले चार, भागिले टायरची रुंदी सेंटीमीटरमध्ये. माझी गाडी आणि मी मिळून सव्वाअकराशे किलो, म्हणजे चाकामागे २८० च्या आसपास. १९५ रुंदीच्या टायरवर सेंटीमीटरमागे १४.४ किलो येतात, २१५ वर १३. इनोव्हा क्रिस्टा अठराशे किलोच्या आसपास असते आणि तिच्या १६ इंची चाकांवर २०५ चा टायर असतो. तिथे हाच आकडा २३ च्या जवळ जातो. हा ठोकताळा आहे, कारण टायरची छापील रुंदी आणि रस्त्याला टेकणारा पट्टा एकच नसतात. पण त्या दिवशी इनोव्हा का गेली आणि मी का तरंगलो, हे यातून कळतं.

दुसरा हिशोब पाण्याचा. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आणि वेग ताशी ८० असेल, तर १९५ रुंदीच्या पुढच्या एका टायरसमोर सेकंदाला तेरा लिटर पाणी येतं. न्हाणीघरातली एक भरलेली बादली, दर सेकंदाला, एकेका चाकासमोर. टायर रुंद केला की बादली मोठी होते आणि ती ढकलायला भार तेवढाच राहतो.

तिसरी गोष्ट हवेची. नासाच्या लँग्ली केंद्रात १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग झाले आणि त्यातून एक सूत्र निघालं: टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ घ्या, त्याला साधारण १६.७ ने गुणा, आलेला आकडा म्हणजे टायर पाण्यावर पूर्ण तरंगायला लागेल तो ताशी किलोमीटरमधला वेग. दाब पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचामागे पाउंडांत, धरायचा. २६ पीएसआयला ८५ येतात, ३० ला ९१ आणि हवा उतरून २० वर आली असेल तर ७५. सूत्र विमानाच्या टायरचं आणि नक्षीपेक्षा खोल पाण्यासाठी असल्याने कारच्या रुंद, चपट्या टायरला ते जसंच्या तसं लागू पडत नाही. तसा टायर आणखी लवकर सुटतो. माझा सत्तरलाच सुटला होता.

तुमच्या वाटेवर पाणी कसलं असतं

दुकानात जाण्याआधी आठवडाभर आपलाच रस्ता नीट बघा. पामबीच मार्गावर वाशी ते बेलापूर रस्ता मोकळा असतो, वेग नकळत वाढतो आणि मुसळधार सर आली की सगळ्या रुंदीवर पाण्याचा पातळ थर पसरतो. अटल सेतूवर कारला ताशी १०० ची मुभा आहे आणि वर आडवा वारा. अशा ठिकाणी तरंगणं हाच मुख्य धोका, म्हणून ज्याचे चर रुंद, सरळ आणि खोल आहेत असा टायर हवा.

घोडबंदर रोडची तऱ्हा निराळी. गायमुख घाटाच्या आसपास वेग मुळात कमी, पण गढूळ पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. तिथे टायर तरंगण्याआधी फुटतो, नाहीतर त्याला फुगा येतो. मुंब्रा बायपासवर कंटेनरच्या चाकांनी डांबरात पन्हळी पडतात, त्यात पाणी थांबतं आणि आपल्या गाडीची चाकं नेमकी त्यातच उतरतात. अशा वाटेवर टायरची भिंत उंच हवी. शहरात पेव्हर ब्लॉक, झेब्रा क्रॉसिंगचा गुळगुळीत पांढरा रंग, खाडीपुलांवरचे लोखंडी सांधे आहेत. तिथे पाणी थोडंच असतं, पण पृष्ठभाग निसरडा असतो, आणि तिथे नक्षीपेक्षा रबराचा मऊपणा कामाला येतो.

माझं रोजचं जाणं घोडबंदर रोडने आणि रविवारचं मुरबाडवरून माळशेज. दोन्ही वाटांवर खड्डे आहेत. त्यामुळे माझा पहिला निर्णय टायरचा नव्हे, रिमचा झाला. सोळा इंची काढून पंधरावर आलो.

साईज: मोह इथेच होतो

दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य: "साहेब, एक साईज वाढवा, गाडी भरीव दिसेल." दिसते, यात वाद नाही. पावसासाठी मात्र कंपनीने दिलेल्या साईजपैकी सगळ्यात अरुंद साईज हीच सुरुवात धरा. ती ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असते.

माझ्या गाडीची एक मूळ साईज १९५/५० आर १५. यातला १९५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ५० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, आणि १५ म्हणजे रिम इंचांत. चाकाची पूर्ण उंची काढायची तर १५ गुणिले २५.४, अधिक दोन्ही बाजूंच्या भिंती: ३८१ अधिक १९५, म्हणजे ५७६ मिलिमीटर. ही आकडेमोड यायलाच हवी, कारण स्पोर्ट्स कारच्या साईज आपल्याकडे रोज खपत नाहीत आणि दुकानदार शेजारची साईज पुढे करतो. १८५/५५ आर १५ घेतला तर उंची ५८४ च्या जरा वर, दीड टक्का फरक, चालण्यासारखा. १९५/५५ आर १५ ची उंची ५९५ भरते, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. भिंत उंच झाल्याने खड्ड्यात बरं, पण स्पीडोमीटर कमी वेग दाखवणार आणि पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतो का ते बघावं लागणार. १८५/६५ आर १५ दुकानात ढिगाने मिळतो, कारण तो डिझायर आणि स्विफ्टला लागतो. पण त्याची उंची ६२१ वर जाते. स्वस्त मिळाला तरी नको.

साईजच्या पुढे छापलेलं ८२व्ही सारखं अक्षर-अंकही बघा. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलोपर्यंत भार, व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंतचा वेग. गाडीच्या पुस्तकात जे असेल त्याच्या खाली जायचं नाही, वर गेलात तर बिघडत नाही. मात्र हलक्या गाडीवर उगाच जाड भिंतीचा, जादा भाराचा टायर चढवू नका. तो दबत नाही, उड्या मारतो, आणि ओल्या रस्त्यावर उडी मारणारं चाक म्हणजे पकड नसलेलं चाक.

मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतील तर गोष्ट थोडी बदलते. लोटस एलिसच्या दुसऱ्या पिढीत पुढे १७५ आणि मागे २२५ आहेत. एरवी पुढच्या चाकांनी सारलेल्या पाण्याच्या वाटेत मागची चाकं चालतात. इथे मागच्या टायरच्या कडा त्या वाटेबाहेर, भरल्या पाण्यात पडतात. अशा गाडीत मागची नक्षी पुढच्यापेक्षाही खोल ठेवा.

रबर आणि नक्षी

परदेशी लेख वाचून माझ्यासारखेच बरेच जण फसतात. तिकडे ओल्या रस्त्याचा सल्ला बहुतेक थंडीशी जोडलेला असतो. पारा सात अंशांखाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, म्हणून विंटर किंवा ऑल सीझन घ्या, असं ते सांगतात. ठाण्याच्या पावसात हवा पंचवीस ते तीस अंश असते. इथे ते अतिमऊ रबर झटपट झिजेल आणि वळणावर टायर रबरी चप्पल घालून धावल्यासारखा वाटेल. आपल्याला उन्हाळी टायरच हवा, फक्त सिलिका मिसळलेल्या रबराचा. १९९२ पासून मिशेलिनने ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबरात, काजळीच्या जोडीला सिलिका मोठ्या प्रमाणात आणली. तिने इंधन वाचतं आणि ओल्या रस्त्यावरची पकडही वाढते. आज बहुतेक नामांकित कंपन्यांच्या वरच्या श्रेणीत ती असते.

दुसऱ्या टोकाला ट्रॅकचे टायर. योकोहामा निओवा, टोयो आर८८८आर या पठडीतले, चर कमी आणि सपाट रबर जास्त. ते चिकटायला गरम व्हावे लागतात आणि हलकी गाडी पावसात त्यांना गरम करू शकत नाही. माझे जुने २१५ चे याच जातीचे होते.

नक्षीचे दोन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. एक बाणाच्या टोकासारखी दिशादर्शक नक्षी: पाणी मधून बाहेर फेकते, साचलेल्या पाण्यात सरस, पण टायर एकाच दिशेने फिरवावा लागतो. दुसरी असमान नक्षी: आतल्या अर्ध्यात जास्त चर आणि बाहेरचा खांदा भरीव, वळणावर बरी. पाण्याच्या तळ्यांतून रोज जावं लागत असेल तर पहिली, ओल्या घाटवळणांची हौस असेल तर दुसरी. दोन्हींत लांबीच्या दिशेने जाणारे किमान तीन-चार रुंद चर हवेतच. ब्लॉकवरच्या केसासारख्या बारीक चिरा पाण्याचा शेवटचा पापुद्रा कापतात. टायर झिजताना त्या कुठपर्यंत टिकणार, ते नख घालून बघा. काही टायरांत त्या वरवरच्या असतात आणि अर्ध्या आयुष्यातच दिसेनाशा होतात.

युनिरॉयलने १९६९ मध्ये खास पावसासाठीचा टायर आणला आणि युरोपातले हलक्या गाड्यांचे शौकीन अजून त्या रेनस्पोर्ट मालिकेचं नाव घेतात. आपल्याकडच्या दुकानांत ते नाव दिसत नाही. जून २०२० पासून नव्या टायरांची आयात सरकारच्या परवान्यावर आहे आणि आयएसआय शिक्क्याशिवाय कारचा टायर विकता येत नाही, त्यामुळे "माझा माणूस दुबईवरून आणून देतो" या वाटेने जाऊ नका. इथे मिळणाऱ्यांतून बघायचे तर ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई००३, योकोहामा ब्लूअर्थ जीटी, गुडइयर अश्युरन्स ट्रिपलमॅक्स २, कॉन्टिनेंटल यूसी६, अपोलो अल्नॅक ४जी ही नावं घेऊन विचारा. प्रत्येक मॉडेल प्रत्येक साईजमध्ये येत नाही. माझा अनुभव असा, की दुर्मीळ साईजमध्ये मॉडेल आपण निवडत नाही, गोदामात जे असेल ते आपल्याला निवडतं. म्हणून साईजचे दोन पर्याय आधीच ठरवून जा.

टायरची भिंत वाचा

चार अंकी तारीख आधी शोधा. "१२२५" म्हणजे २०२५ सालचा बारावा आठवडा. दुर्मीळ साईजमध्ये तीन-तीन वर्षं पडून राहिलेला माल "नवा" म्हणून निघतो. रबर पडून पडून कडक होतं आणि ते पावसातच कळतं. मी वर्षाहून जुना टायर घेत नाही. चारही टायरांची तारीख बघा, कारण वरचे दोन ताजे आणि खालचे दोन जुने, हा प्रकार मी स्वतः पकडला आहे.

अमेरिकन पद्धतीची खूण असेल तर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर झिजायला किती टिकाव धरतो त्याचा, आकडा आणि ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं, अक्षर दिसेल. ट्रेडवेअर २०० म्हणजे ट्रॅककडे झुकलेला, ३०० ते ४०० आपल्या कामाचा. ट्रॅक्शनची डबल ए ही सर्वांत वरची पायरी. पण ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवतात. वळणावरची पकड किंवा तरंगणं तिच्यात येत नाही. युरोपीय लेबलवर पावसाच्या ढगाच्या चित्राशेजारी ए ते ई अक्षरं असतात, तिथे बी च्या खाली जाऊ नका.

बसवताना समोर उभे राहा

चहा प्यायला जाऊ नका. मागे एका दुकानात मी गेलो होतो. चारही चाकं बसली, बॅलन्सिंग झालं, बिल झालं. संध्याकाळी पार्किंगमध्ये सहज बघितलं तर डाव्या मागच्या टायरवर "रोटेशन" शब्दाशेजारचा बाण मागे तोंड करून होता. नक्षी पाणी बाहेर फेकण्याऐवजी मधोमध गोळा करणार होती. गाडी परत नेली, त्यांनी कबूल केलं, टायर उलटा करून दिला. असमान नक्षी असेल तर "आउटसाइड" हा शब्द चारही चाकांवर तुम्हाला बाहेरून वाचता आला पाहिजे.

दोनच टायर घेण्याइतकं बजेट असेल तर नवे मागे लावा. ओढ पुढच्या चाकांना असली तरी मागेच. पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलल्यावर सावरते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि आखूड व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत अंतर कमी असलेली, हलकी गाडी फार पटकन फिरते.

हवेवर लोक फार घोळ घालतात. पंपावरचा पोरगा "तीस की पस्तीस?" एवढंच विचारतो. माझ्या गाडीच्या स्टिकरवर २६ आहे. वरच्या सूत्राकडे बघून पस्तीस मारावेसे वाटतील, पण इतक्या हलक्या गाडीत पस्तीसला टायर मधून फुगतो, कडा टेकत नाहीत आणि ब्रेकिंग लांबतं. मी पावसाळ्यात स्टिकरपेक्षा दोन जास्त, २८ ठेवतो. सकाळी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने, दर रविवारी. नायट्रोजनचे पैसे द्यायचे तर द्या, पण मोजायचं काम त्याने टळत नाही.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. स्पोर्ट्स कारची चाकं वरून किंचित आत कललेली असतात, त्यामुळे टायरची आतली कड आधी झिजते. बाहेरून टायर नवाकोरा दिसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवा, हात आत घाला आणि आतल्या खांद्यावर बोट फिरवा. माझ्या पुढच्या उजव्या टायरला बाहेर सहा मिलिमीटर नक्षी होती आणि आत बोट गुळगुळीत फिरलं.

नक्षीची खोली मोजायचं गेज शे-दोनशे रुपयांत मिळतं. नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर असतात. चरांमधल्या उंचवट्यांना नक्षी टेकली म्हणजे १.६ उरली आणि टायर बाद. पण तोवर थांबलात तर तो पावसाळा तुम्ही तरंगत काढलेला असतो. हलक्या गाडीत मी तीनला टायर काढतो. जूनच्या पहिल्या तारखेला चार भरले नाहीत तर तो सप्टेंबर गाठणार नाही, असं धरून चालतो. काढलेले टायर दुकानात सोडू नका, किंवा सोडायचेच तर समोर भिंतीवर चीर मारून घ्या. गरम पात्याने नक्षी पुन्हा कोरलेले टायर जुन्या बाजारात "ऐंशी टक्के" म्हणून विकले जातात. तुम्हालाही कुणी ते देऊ करेल. चराच्या तळाशी सुरीच्या खुणा दिसतात, आणि चर झिजेच्या उंचवट्याच्या बुडापेक्षाही खोल गेलेला असतो.

वेळ

एप्रिलच्या शेवटी ऑर्डर द्या. दुर्मीळ साईज यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात, आणि पहिला पाऊस पडला की दुकानात रांग लागते व दुकानदार जे आहे ते लावायच्या घाईत असतो. मेच्या मध्यावर टायर बसवा. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रवाचा निसरडा थर असतो, तो जायला दोन-तीनशे किलोमीटर कोरड्यात चालवावं लागतं. मी त्यासाठी एका रविवारी पहाटे माळशेजला जाऊन येतो आणि उरलेले किलोमीटर ऑफिसच्या येण्याजाण्यात पुरे करतो. त्यानंतर पहिली सर येते, रस्त्यावरचं आठ महिन्यांचं तेल आणि धूळ तिच्यात मिसळते, आणि त्या दिवशी मी गाडी पार्किंगमध्येच ठेवून टीएमटीच्या बसने जातो.